रबराखालचा रंग

दसऱ्याच्या आसपास वसई तालुक्यातल्या नंदाखालच्या पवित्र आत्मा चर्चच्या आवारात नवी गाडी उभी असणं ही आता बातमी राहिलेली नाही. ऑफर दसऱ्याची, आशीर्वाद रविवारच्या मिस्सानंतरचा. फादर येतात, प्रार्थना म्हणतात, बॉनेटवर पवित्र पाणी शिंपडतात. मग घरातली सगळी माणसं एकेक करून आत बसून बघतात आणि बाहेर फोटो निघतात. तिकडे विरारला जीवदानीच्या पायथ्याशी हाच सोहळा नारळ, लिंबू आणि कुंकवाच्या स्वस्तिकाने होतो. शोरूमवाल्यांना दोन्ही रीती पाठ आहेत. त्यांच्याकडे मोठी प्रतीकात्मक चावी असते, केक असतो, लाल रेशमी कापड असतं आणि ते कापड ओढताना कोणी कुठे उभं राहायचं हे सांगणारा मुलगाही असतो.

या फोटोंमध्ये गाडीचा पुढचा भाग असतो. दाराच्या कडेचं रबर नसतं, बिजागरीचे बोल्ट नसतात, डिकीतल्या गालिच्याखालचा पत्रा नसतो. हा लेख या न दिसणाऱ्या जागांबद्दल आहे.

कोरी म्हणून घेतलेली गाडी तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी कुठेतरी ठोकली, घासली किंवा पाण्यात उभी राहिली असू शकते. ती ठाकठीक करून, रंग मारून, पॉलिश करून तुमच्या हाती दिली जाऊ शकते. प्रत्येक गाडीचं असं होतं असं मुळीच नाही; बहुतेक गाड्या नीटच येतात. पण ज्याच्या वाट्याला अशी गाडी येते, त्याची पुढची लढाई बहुधा चुकीच्या शब्दाने सुरू होते. तो म्हणतो, ‘गाडीत बिघाड आहे.’ शोरूमवाला म्हणतो, ‘या, वॉरंटीत करून देतो.’ आणि प्रकरण तिथेच शोरूमच्या सोयीच्या रुळावर जातं. कारण दुरुस्त करून लपवलेलं नुकसान हा बिघाड नसतो. गाडी व्यवस्थित चालते. तक्रार चालण्याची नसतेच, तक्रार असते जे सांगायला हवं होतं ते न सांगितल्याची.

आमच्या घरी धाकट्या भावाने पांढरी गाडी घेतली तेव्हा हे मला जवळून पाहायला मिळालं. शोरूमचं नाव इथे देत नाही. शोरूमच्या दिव्यांखाली गाडी चकचकीत होती. घरी आल्यावर, सकाळच्या तिरप्या उन्हात, डाव्या बाजूचं मागचं दार बाकीच्या गाडीपेक्षा किंचित दुधाळ दिसलं. पुढचं दार आणि मागचं दार यांच्या पांढऱ्यात फरक. कोणी म्हणालं सावली असेल, कोणी म्हणालं तुला उगाच शंका.

गावातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याने मात्र रंगाकडे पाहिलंच नाही. त्याने दार उघडलं, चौकटीवरचं काळं रबर अंगठ्याने मागे सरकवलं आणि भावाचं बोट धरून तिथे फिरवलं. रबर जिथे पत्र्याला टेकतं तिथे रंगाची बारीक कड लागत होती, नखाला अडेल इतकी. ‘कंपनीत रबर रंगानंतर बसवतात,’ तो म्हणाला. ‘ही कड येते कागदाची पट्टी लावून फवारा मारला की.’ मग त्याने बिजागरीचे बोल्ट दाखवले. कारखान्यात दार बॉडीला लावून सगळं एकत्र रंगवतात, म्हणून बोल्टच्या डोक्यावरही अखंड रंग असतो. इथे दोन बोल्टांच्या कोपऱ्यांवर रंग तडकला होता. पाना फिरला होता. दार उतरवून, ठोकून, रंगवून परत बसवलेलं होतं. हे सगळं सांगायला त्या माणसाला पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि त्याने पैसेही घेतले नाहीत. ‘फक्त माझं नाव सांगू नका हां, त्यांचं काम मलाही येतं कधीकधी,’ एवढंच म्हणाला.

शोरूममध्ये जे ऐकायला मिळालं त्याला मी आता तीन पायऱ्यांचा जिना म्हणतो, कारण ज्या-ज्या लोकांशी यावर बोललो त्यांनी तोच सांगितला. पहिली पायरी: ‘सर, किरकोळ स्क्रॅच असेल, पॉलिश मारून देतो.’ दुसरी: ‘सर, कंपनीतूनच असं येतं, आम्ही काय करणार?’ तिसरी, जराशा थंड आवाजात: ‘सर, गाडी तुमच्या ताब्यात गेल्यावर कुठे लागली असेल तर आम्हाला काय माहीत? डिलिव्हरी नोटवर तुमची सही आहे.’ पहिल्या पायरीवर नुकसान किरकोळ असतं, दुसऱ्यावर दुसऱ्याचं असतं, तिसऱ्यावर ते तुमचंच असतं. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात तो प्रकार, फक्त वातानुकूलित खोलीत आणि कॉफी देऊन.

भावाने तोंडी भांडण थांबवलं आणि ईमेल लिहिला. त्यात गाडी सदोष आहे असं कुठेही नव्हतं. विचारलं होतं एवढंच: हे दार विक्रीआधी रंगवलं होतं का? असल्यास कधी आणि कशामुळे? गाडी यार्डात आली तेव्हाचा तपासणीचा कागद आणि डिलिव्हरीपूर्व तपासणीची यादी द्यावी. या ईमेलनंतर फोनवरच्या आवाजाचा सूर बदलला. शेवटी ठरावीक रक्कम परत मिळाली आणि दार रंगवलेलं होतं असं त्यांनी लेखी दिलं. रकमेपेक्षा तो कागद मला मोलाचा वाटतो. उद्या गाडी विकताना भावाला खोटं बोलावं लागणार नाही.

तो ईमेल चालला याचं कारण शोरूमच्या कामाच्या पद्धतीतच आहे. कारखान्यातून निघालेली गाडी सरळ शोरूमच्या काचेआड येत नाही. ती ट्रेलरवर किंवा रेल्वेच्या वाघिणीत चढते, पट्ट्यांनी बांधली जाते, शेकडो किलोमीटर जाते, उतरते, विक्रेत्याच्या स्टॉकयार्डात उभी राहते. आपल्याकडचे यार्ड म्हणजे बहुधा महामार्गालगतची कुंपण घातलेली मोकळी जमीन. तिथे गाड्या बंपरला बंपर लावून उभ्या असतात, ऊन-पावसात, आठवडे आणि कधी महिने. मग कोणीतरी ड्रायव्हर ती शोरूमपर्यंत चालवत आणतो. चढवताना, उतरवताना, मागे घेताना, फांदीखालून जाताना, कुठेही लागू शकतं. यात गैर काही नाही. लोखंड आहे, लागणारच.

पण ट्रेलरवरून उतरताना गाडीला मार असेल तर विक्रेता तो बिल्टीवर लिहून घेतो. लिहिला नाही तर वाहतूकदाराकडून किंवा विम्यातून भरपाई मागायची कशी? त्याच्याच वर्कशॉपमध्ये दार रंगवलं तर रंग, मजुरी आणि वेळ यांची नोंद जॉबकार्डावर होते. ग्राहकाला द्यायच्या आधी प्रत्येक गाडीची तपासणी करून यादीवर खुणा करायच्या असतात, तिलाच धंद्यात पीडीआय म्हणतात. म्हणजे नुकसान झालं असेल तर त्याचा माग कागदावर राहतोच. ‘आम्हाला ठाऊकच नव्हतं’ हे वाक्य वाहतूकदाराकडे किंवा विम्यात पैसे मागताना उपयोगाचं नसतं, ते फक्त ग्राहकासमोर उपयोगाचं असतं. म्हणून ग्राहकाने मत मांडत बसू नये, कागद मागावेत.

या विषयावरचा आपल्याकडचा सर्वांत बोलका निकाल गोव्यातला आहे. एका ग्राहकाने २०११ साली तिथल्या टाटा मोटर्सच्या विक्रेत्याकडून नवी गाडी घेतली. पुढ्यात आली ती २००९ साली बनलेली. मीटरवर सहाशेहून अधिक किलोमीटर, खालचा भाग गंजलेला, बॉडीवर ओरखडे. त्याने गाडी बदलून द्या किंवा पैसे द्या म्हटलं, आणि दाद मिळेना तेव्हा जिल्हा मंचात गेला. जिल्हा मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग, तिन्ही ठिकाणी तो जिंकला, आणि तिन्ही ठिकाणी विक्रेत्याबरोबर कंपनीलाही जबाबदार धरलं गेलं. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं.

हा निकाल वाचून पुष्कळांना चीड येते. मलाही आली होती. पण त्याची कारणमीमांसा नंदाखालच्या ग्राहकाने समजून घ्यावी अशी आहे. शोरूमवर पाटी कंपनीची असते, कर्मचाऱ्यांच्या शर्टावर बोधचिन्ह कंपनीचं असतं, पण विक्रेता हा कंपनीचा नोकर नसतो, बहुतेक करारांत तिचा एजंटही नसतो. तो कंपनीकडून गाड्या विकत घेतो आणि स्वतःच्या नावावर तुम्हाला विकतो. दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला हा व्यवहार. गाडी त्याच्या ताब्यात गेल्यावर त्याने तिचं काय केलं हे कंपनीला ठाऊक होतं, असं तक्रारीत मांडावं लागतं आणि सिद्ध करावं लागतं. गोव्याच्या तक्रारीत कंपनीविरुद्ध असं ठोस काही मांडलेलंच नव्हतं, आणि जे मांडलं नाही ते आयोगांनी अंदाजाने भरून काढायला नको होतं, असं न्यायालय म्हणालं. विक्रेत्याची जबाबदारी मात्र या निकालाने पुसली नाही.

आपल्याकडे उलटं घडतं. विक्रेत्याला रोज तोंड द्यायचं म्हणून माणूस त्याच्याशी गोड राहतो आणि राग कंपनीच्या मुख्यालयावर काढतो. तिथून वाटाण्याच्या अक्षता मिळतात: ‘आपली तक्रार संबंधित विक्रेत्याकडे पाठवली आहे.’ कंपनीला जरूर कळवावं, पक्षकारही करावं, पण तिने नेमकं काय केलं किंवा काय केलं नाही ते वेगळ्या परिच्छेदात लिहावं. पहिला प्रतिवादी तो, ज्याने तुमच्या नावाचं बिल फाडलं.

आता शब्दांकडे, म्हणजे कायद्याच्या शब्दांकडे. ‘उत्पादनदोष’ या शब्दाने ग्राहकाचं फार नुकसान केलं आहे. उत्पादनदोष म्हटलं की तो सिद्ध करण्याचं ओझं ग्राहकावर येतं. तज्ज्ञाचा अहवाल लागतो, प्रयोगशाळा लागते, आणि इतकं करून दोष निघाला तरी मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या २००६च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटल्याप्रमाणे, वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन असेल तर सबंध गाडी बदलून मागता येत नाही. रंगवलेल्या दाराच्या तक्रारीला या चौकटीत बसवलं की ती मेलीच. दार उघडतं, बंद होतं, काच वर-खाली होते. भाग सदोष कुठे आहे?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये याच्यासाठी दुसरं घर आहे. कलम २(४७), अनुचित व्यापारी प्रथा. त्यात जे प्रकार नोंदवले आहेत त्यांतला एक असा: पुन्हा बांधलेला, वापरलेला, नूतनीकरण केलेला, डागडुजी केलेला किंवा जुना माल नवा म्हणून दाखवणं. १९८६च्या जुन्या कायद्यातही हेच होतं. इथे गाडी चालते की नाही हा प्रश्नच येत नाही. नवी म्हणून दाखवली का, आणि ती तशी होती का, एवढेच दोन प्रश्न. पहिल्याचं उत्तर बिलावर छापलेलं असतं. दुसऱ्याचं बिजागरीच्या बोल्टवर असतं.

२०१९च्या कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ नावाचं नवं प्रकरण आलं आणि त्याचा गाजावाजा बराच झाला. काही वकीलसुद्धा अशा तक्रारीत ती कलमं घालतात. त्याचा इथे उपयोग नाही. त्या प्रकरणासाठी केलेल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूला झालेलं नुकसान वगळलेलं आहे. ब्रेक निकामी होऊन माणूस जखमी झाला तर ते प्रकरण. दार रंगवलेलं निघालं तर नव्हे.

१८७२चा करार कायदाही बघण्यासारखा आहे. ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणं हे कलम १७ने कपटात धरलं आहे. मात्र लगेच पुढे, कलम १९ला जोडलेल्या अपवादात, गप्प राहून केलेल्या कपटाबाबत अट घातली आहे: साधारण काळजी घेऊन सत्य कळण्यासारखं होतं, तर करार रद्द करता येत नाही. थोडक्यात, कायदा झाकणाऱ्याला सोडत नाही, पण डोळे मिटून घेणाऱ्याचे लाडही करत नाही. सोललेला पत्रा समोर असताना केक कापत बसलात, तर काळजी घेतली होती का, हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. रबराखाली लपवलेली कड मात्र ‘साधारण काळजी’त सापडत नाही, असं म्हणायला भरपूर जागा आहे.

रंगवलेलं दार म्हणजे एवढं काय, असं म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतली एक गोष्ट. अलाबामा राज्यात बर्मिंगहॅमच्या डॉ. आयरा गोर यांनी १९९०च्या जानेवारीत सुमारे ४०,७५० डॉलरला काळी बीएमडब्ल्यू घेतली. नऊ महिने चालवली, काही खटकलं नाही. मग तिला आणखी चकाकी आणावी म्हणून एका पॉलिशवाल्याकडे नेली आणि त्याने सांगितलं की ही आधी रंगवलेली आहे. खटल्यात निघालं की वाहतुकीत, बहुधा आम्लपावसाने, रंग खराब झाला होता. कंपनीचं १९८३पासून ठरलेलं धोरण होतं: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या ३ टक्क्यांच्या आत असेल तर गाडी नवी म्हणून विकायची आणि विक्रेत्यालाही सांगायचं नाही. गोर यांच्या गाडीचा खर्च ६०१ डॉलर ३७ सेंट, म्हणजे दीड टक्का. अशा रंगवलेल्या गाड्या देशभर ९८३ विकल्या गेल्या होत्या.

ज्यूरीने गोर यांना नुकसानभरपाई दिली ४,००० डॉलर आणि कंपनीला दंड ठोठावला ४० लाख डॉलर. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड निम्मा केला. २० मे १९९६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो दंडही अवाजवी ठरवला, आणि फेरविचारात तो ५०,००० डॉलरवर आला. विधी महाविद्यालयांत हा खटला दंडासाठी शिकवतात. मला त्यातली ४,००० डॉलरची रक्कम महत्त्वाची वाटते, कारण तिच्यावर फारसा वाद झालाच नाही. ती आली कुठून? रंगवलेली गाडी न रंगवलेल्या गाडीपेक्षा बाजारात दहा टक्क्यांनी कमी किमतीची, अशी साक्ष झाली होती. खर्च सहाशे डॉलरचा, घट चार हजारांची. आपल्या शोरूममधला व्यवस्थापक जेव्हा म्हणतो, ‘सर, रंगाला आठ-दहा हजारच लागतात, तेवढी अॅक्सेसरीज देतो,’ तेव्हा तो दुरुस्तीचा खर्च मोजत असतो. तुम्ही मोजायची ती पुनर्विक्रीतली घट. हे दोन आकडे वेगळे आहेत आणि वाटाघाटीचं सगळं मर्म या फरकात आहे.

घट का येते? कारखान्यातला रंग उघड्या पत्र्याच्या बॉडीवर चढतो. विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर, मग प्रायमर, रंग, वरचा पारदर्शक थर, आणि मधूनमधून भट्टी. त्या भट्टीचं तापमान शंभर अंशांच्या बरंच वर असतं, कारण आत अजून रबर नसतं, प्लास्टिक नसतं, वायर नसते. वर्कशॉपच्या बूथमध्ये तयार गाडी तितकी तापवली तर डॅशबोर्ड वितळेल. म्हणून तिथे साठ-सत्तर अंशांवर भागवतात. कारागीर कितीही हुशार असो, पहिला रंग आणि दुसरा रंग एकच नसतो. शिवाय ठोकलेल्या जागी लांबी भरलेली असेल तर खालचा मूळ गंजरोधक थर तिथे गेलेलाच असतो. नंदाखालपासून राजोडी, अर्नाळ्याचा किनारा हाकेच्या अंतरावर आहे. इथल्या खाऱ्या हवेत खिडक्यांचे गज टिकत नाहीत, तिथे सोललेला पत्रा किती वर्षं काढणार?

पाण्याचं प्रकरण याहून वाईट, कारण ते रंगासारखं नजरेला खटकतही नाही. वसई-विरारच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. २०१८च्या जुलैत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले होते आणि मिठागरातल्या लोकांना बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. सखल जागेतल्या यार्डातल्या गाड्या अशा वेळी उडून सुरक्षित जागी जात नाहीत. पाण्यात राहिलेल्या गाडीचे गालिचे धुऊन वाळवता येतात, सुगंध फवारता येतो. पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला की मुळाशी मातकट रेषा दिसते, सीट ज्या बोल्टांनी जमिनीला जखडलेली असते त्यांवर गंजाचे ठिपके असतात, हेडलाइटच्या काचेत आतून दमट धुकं असतं. कोऱ्या गाडीतल्या सीटच्या बोल्टला गंज असण्याचं एकही निरुपद्रवी कारण मला माहीत नाही.

आता या सगळ्यात वेळेचा मुद्दा. पूर्वी नवी गाडी आरटीओत न्यावी लागायची. तिथला निरीक्षक रंग बघत नसे, हे कबूल. तो चासी नंबर आणि पेन्सिलने घासून काढलेली छाप जुळवायचा. पण निदान तिसऱ्या माणसाची नजर गाडीवरून फिरायची. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि अधिकृत विक्रेत्याने विकलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओसमोर हजर करण्याची गरज संपली. नोंदणीचा अर्ज विक्रेताच करतो, आणि क्रमांकाची पाटी लागल्याशिवाय गाडी ताब्यात देता येत नाही. नियम चांगलाच आहे, बिनपाटीच्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या, दलालांची रांग गेली. पण परिणाम असा की एमएच-४८ची पाटी लावून गाडी तुमच्यासमोर येते तेव्हा ती आधीच तुमची झालेली असते. कर भरलेला, विमा काढलेला, बँकेचा बोजा चढलेला. आता ‘ही नको, दुसरी द्या’ म्हणणं म्हणजे विक्रेत्यासाठी नोंदणी झालेली, कायद्याच्या दृष्टीने वापरलेली गाडी परत घेणं. तो सहजासहजी घेणार नाही.

त्यामुळे गाडी बघायची ती लाल कापड ओढण्याच्या दिवशी नव्हे. चासी क्रमांक ठरला की, पूर्ण पैसे देण्याआधी आणि नोंदणीचा अर्ज जाण्याआधी, यार्डात जाऊन, दिवसाउजेडी. ‘यार्डात ग्राहकाला परवानगी नाही’ असं सांगतील. मग गाडी शोरूमला आणा म्हणावं, तीही पॉलिश मारण्याआधी. हे ठरलेलं बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्यावं. ज्या विक्रेत्याला नोंदणीआधी गाडी दाखवायची नाही, त्याच्याकडून गाडी घेऊ नये. इतकं सरळ आहे. गर्दीच्या दिवसांत तर हे आणखी गरजेचं. २०२५च्या २२ सप्टेंबरला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला तेव्हा शोरूमबाहेर झुंबड उडाली. अशा गर्दीत पीडीआयच्या यादीवरच्या खुणा गाडी न बघताच होतात, हे त्या धंद्यातली माणसंच खासगीत सांगतात.

सोबत गावातला डेंटर न्या. इंजिनीअर भाचा नको, डेंटर. त्याचं बोट तुमच्या डोळ्यांपेक्षा जास्त बघतं. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं; कारखान्याचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या आसपास असतो, पुन्हा रंगवलेल्या जागी तो आकडा दुप्पट होतो, लांबी भरली असेल तर कैक पट. पण ते यंत्र पत्र्यावर चालतं, प्लास्टिकच्या बंपरवर नाही, आणि बंपर वेगळा रंगवून येत असल्यामुळे त्याच्या छटेत पुसटसा फरक कोऱ्या गाडीतही असू शकतो. तेवढ्यावरून भांडण काढू नये. टायरवर चार आकडी खूण असते, पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चार टायरांत एकच वेगळा निघाला तर का ते विचारावं. काचांवरही खुणा असतात. गाडी कोणत्या महिन्यात बनली ते चासी क्रमांकावरून आणि कागदांवरून ताडून बघावं. जुन्या महिन्याची गाडी सांगून, सूट देऊन विकली तर त्यात गैर नाही. गोव्यात प्रश्न सूट न देण्याचा नव्हता, न सांगण्याचा होता.

आणि गाडी घरी आल्यावर कळलं तर? पहिलं, दुरुस्तीला देऊ नका. ‘ठेवून जा सर, बघतो’ म्हणणाऱ्याच्या हाती पुरावा सोपवण्यासारखं ते आहे. फोटो काढा, बोल्टचे, रबराखालचे, मीटरच्या आकड्यासकट. त्रयस्थ गॅरेजचं किंवा विमा सर्वेक्षकाचं लेखी मत घ्या. त्याच दिवशी ईमेल करा, विक्रेत्याला आणि कंपनीलाही. डिलिव्हरी नोटवरच्या सहीने घाबरू नका. गाडी मिळाल्याची ती पोच आहे, लपवलेलं माफ केल्याची नाही. ठरावीक मुदतीत उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळ विक्रेते इथेच नरम पडतात. १९७५पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचं मार्गदर्शनही मिळतं. पोलीस ठाण्यात मात्र बहुधा ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असंच ऐकायला मिळेल. तिथे दिवस घालवण्यापेक्षा आयोगाकडे जाणं बरं.

आयोगाबद्दल भाबडं राहू नये. कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिले आहेत, तपासणी लागली तर पाच. गोव्याच्या माणसाची गाडी २०११ची आणि शेवटचा निकाल २०२१चा. म्हणून सन्मानाने, लेखी तडजोड होत असेल तर ती नाकारण्यात शौर्य नाही. फक्त तडजोडीच्या कागदावर काय रंगवलं, काय बदललं ते लिहिलेलं असावं. बरेच विक्रेते रक्कम देतात पण ‘सद्भावनेपोटी’ असं लिहितात. त्या शब्दावर सही करू नका.

तडजोड नाही झाली तर तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि नव्या कायद्याने तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते. शोरूम मुंबईत असलं तरी नंदाखालच्या माणसाला तिकडे खेटे घालायचं कारण नाही. पिवळ्या पाटीची गाडी स्वतः चालवून पोट भरणाराही या कायद्याने ग्राहकच आहे. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होतो, वकील सक्तीचा नाही. पाच लाखांपर्यंत फी नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४००. शोरूमच्या बिलात ‘हँडलिंग’ या नावाखाली याच्या कितीतरी पट पैसे आपण काही न विचारता भरून आलेलो असतो.